बियाण्याच्या रांगेपलीकडचं विद्यापीठ

परभणी जिल्ह्यातल्या कोणत्याही गावात पारावर बसलेल्या चारचौघांना विचारा, "कृषी विद्यापीठ पाहिलं का?" चौघंही मान हलवतील. मग पुढचं विचारा, "आत जाऊन काय पाहिलं?" उत्तर ठरलेलं असतं. "मे महिन्यात बियाणं आणायला गेलो होतो. रांगेत लागलो, पिशवी मिळाली, दुपारच्या गाडीनं माघारी." कोणी सांगेल, मेळाव्याला गेलो, मांडवात बसलो, भाषणं ऐकली, जेवण करून आलो. आत खोल जाऊन, बांधावर उभं राहून पीक पाहिलेला माणूस गावात शोधावा लागतो.

खरं म्हणजे पाहायचं ते तिथंच आहे. पिशवीतलं बियाणं डोळ्याला सारखंच दिसतं. सोयाबीनचे दहा वाण दहा वाट्यांत ठेवले तर भल्याभल्यांना ओळखू यायचे नाहीत. पण तेच दहा वाण सप्टेंबरात शेजारी-शेजारी उभे असले, की कोणाच्या शेंगा जमिनीपासून किती वर लागल्या, कोणता आडवा पडला, कोणत्या पानावर रोग आला, हे न शिकलेल्या माणसालाही दिसतं. पेरणीचा निर्णय दुकानाच्या फळीवर बसून घ्यायचा की उभं पीक पाहून, हा प्रश्न साधा वाटतो. पण कोरडवाहू शेतकऱ्याला वर्षातून एकदाच डाव खेळायला मिळतो. तो चुकला की बियाण्याचे पैसे जातातच, वर मुलीचं लग्न, पोराची फी, सोसायटीचं कर्ज सगळं एक वर्ष पुढं ढकललं जातं. म्हणून आज ही विद्यापीठाची फेरी. वाचा, अन् जमलं तर घरातल्या माणसांना घेऊन एकदा जाऊन या.

हे विद्यापीठ आलं कसं?

परभणीच्या काळ्या जमिनीवर प्रयोग सुरू झाले ते निजामाच्या राज्यात. १९१८ साली इथं मुख्य प्रायोगिक क्षेत्र सुरू झालं. कापूस संशोधन केंद्राच्या शेताला आजही 'मेहबूब बाग' म्हणतात, ती त्या काळाची खूण. तेव्हा शेतीचं उच्च शिक्षण घ्यायचं तर हैदराबाद गाठावं लागे. १९५६ साली परभणीला कृषी महाविद्यालय निघालं अन् मराठवाड्यातल्या पोरांची ती पायपीट थांबली.

पुढं राहुरीला १९६८ साली अन् अकोल्याला १९६९ साली कृषी विद्यापीठं झाली. मराठवाड्यानंही आपल्या हक्काच्या विद्यापीठाची मागणी लावून धरली. १८ मे १९७२ रोजी मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झालं. कोकणातलं दापोलीचं विद्यापीठही त्याच दिवसाचं. तो काळ आठवा. १९७२ चा दुष्काळ तोंडावर होता. खडी फोडायला गेलेली पिढी अजून गावागावांत आहे. त्या वर्षात जन्मलेल्या या विद्यापीठाला २०१३ साली माजी मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांचं नाव मिळालं. आज त्याचं कार्यक्षेत्र मराठवाड्यातले आठही जिल्हे आहे.

हे सांगायचं कारण असं, की विद्यापीठाचं आवार सरकारी कचेरी समजून बाहेरूनच हात जोडायची आपल्याला सवय लागली आहे. जनतेच्या पैशावर उभं राहिलेलं हे शेत आहे. त्याच्या बांधावर उभं राहून "हे काय पेरलंय?" असं विचारायचा अधिकार जिंतूरच्या बरड रानातल्या माणसालाही आहे अन् गंगाखेडच्या गोदाकाठच्या माणसालाही.

उभं पीक हेच संग्रहालय

संग्रहालय म्हटलं की काचेची कपाटं अन् त्यात जुनी नाणी असं चित्र डोळ्यांपुढं येतं. इथलं संग्रहालय वेगळं आहे. दर हंगामाला ते नव्यानं पेरावं लागतं अन् सुगीला कापून न्यावं लागतं. म्हणून कधी जायचं याला महत्त्व आहे.

खरिपात जायचं तर सप्टेंबरचा मध्य साधा. १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या निमित्तानं, विद्यापीठ रबी शेतकरी मेळावा घेत आलं आहे. लोक रबीचं बियाणं न्यायला येतात, पण त्याच वेळी खरिपाची पिकं शेतात ऐन भरात असतात. सोयाबीन शेंगांनी लगडलेलं, कपाशी पात्या-फुलांत, तूर कमरेपर्यंत आलेली. मांडवातून उठून थोडं पुढं गेलात, तर पुढच्या जूनमध्ये काय पेरायचं ते तिथंच ठरतं.

रबीसाठी जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारीची सुरुवात बरी. फेब्रुवारीच्या आरंभाला तुराबुल हक दर्ग्याच्या उरुसासाठी सगळा जिल्हा परभणीत लोटतो. उरुसाला येताच, तर दोन तास काढून विद्यापीठात जा. ज्वारी कणसात असते, करडई फुलात असते, हरभरा घाट्यात असतो.

आता आत काय आहे ते थोडक्यात सांगतो.

ज्वारीपासून सुरू करू. आपल्याकडं भाकरीची ज्वारी म्हणजे मालदांडी, असं समीकरण झालेलं आहे. त्या चवीशी अन् कडब्याशी टक्कर द्यायला परभणीत 'परभणी मोती' हा रबीचा वाण तयार झाला. मोत्यासारखा टपोरा दाणा, म्हणून ते नाव. २०१८ साली आलेली 'परभणी शक्ती' तर वेगळ्याच कारणासाठी पाहण्यासारखी आहे. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संस्थेबरोबर काम करून ती काढली. तिच्या दाण्यात लोह अन् जस्त नेहमीच्या ज्वारीपेक्षा जास्त. आपल्या घरातल्या बायकांना, पोरींना रक्त कमी असल्याचं डॉक्टर सांगतात. गोळी रोज आठवणीनं घेतली जाते असं नाही, भाकरी मात्र दोन वेळा खाल्ली जाते. त्या भाकरीतूनच लोह जावं, असा हा विचार आहे.

भाजीवाल्या शेतकऱ्यांना 'परभणी क्रांती' भेंडी सांगायला नको. भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडून पीक जाण्याचा रोग पांढरी माशी पसरवते. १९८० च्या दशकात इथल्या शास्त्रज्ञांनी लागवडीच्या भेंडीचा एका रानटी जातीशी संकर केला अन् त्या रोगाला दाद न देणारी भेंडी काढली. परभणीचं नाव देशभरच्या भाजीमळ्यांत पोचलं ते या भेंडीनं.

कापसात नांदेड-४४ चं नाव अजून जुन्या माणसांच्या तोंडी आहे. विद्यापीठाच्या नांदेडच्या कापूस केंद्रानं काढलेल्या या संकरित वाणानं १९८० नंतर मराठवाड्याचं रान पांढरं केलं. २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली अन् सगळा बाजारच बदलला. पण मेहबूब बागेत आपल्या गावरान कापसावरचं काम थांबलं नाही. 'परभणी तुराब' अर्थात पीए-२५५, अन् पीए-४०२ हे देशी कापसाचे सुधारित वाण आहेत. देशी कपाशी रस शोषणाऱ्या किडींना अन् पाण्याच्या ताणाला जास्त सोसते. शिवाय हे सरळ वाण आहेत, म्हणजे बियाणं घरचं ठेवता येतं. तुराब हे नाव कुठून आलं असेल, ते परभणीकराला सांगायला नको.

तुरीचे वाण विद्यापीठाच्या बदनापूर केंद्रानं दिले. बीएसएमआर-७३६ ही लाल तूर मर अन् वांझ या दोन्ही रोगांना तोंड देते. बीडीएन-७११ लवकर निघते, म्हणून हलक्या-मध्यम रानात परतीचा पाऊस दगा देण्याआधी दाणे भरून जातात. सोयाबीनमध्ये एमएयूएस-७१, १५८, १६२ अन् ६१२ ही नावं कानावरून गेलीच असतील. यातलं १६२ उंच वाढतं, शेंगा जमिनीपासून वर लागतात, म्हणून हार्वेस्टरनं काढता येतं. हे कागदावर वाचून पटत नाही. दोन ओळींच्या मध्ये बसून, शेंग जमिनीपासून किती बोटं वर आहे ते मोजून पाहिलं की पटतं.

करडईचं तर विचारूच नका. परभणी हे करडईच्या संशोधनाचं नाव घेण्यासारखं ठिकाण. 'परभणी कुसुम' इथलीच. करडई काढायची म्हणजे हाताला फडकी गुंडाळून, काटे सोसत काढावी लागते. म्हणून मजूर मिळत नाही अन् म्हणून करडई मागं पडली. इथं पीबीएनएस-४० ही बिनकाट्याची करडई पाहायला मिळाली, तर ती बायकांनी हात लावून पाहावी. काट्यांचा त्रास त्यांनाच जास्त ठाऊक.

पाटी वाचायला शिका

प्रयोगाच्या शेतात लहान लहान वाफे आखलेले असतात अन् प्रत्येकापुढं पाटी असते. पाटीवर 'टी-१, टी-२' अन् 'आर-१, आर-२' असं लिहिलेलं दिसतं. बघणारा गोंधळतो. यात अवघड काही नाही. 'टी' म्हणजे काय केलं ते. एका वाफ्याला खत कमी, एकाला जास्त, एकाला काहीच नाही, असं. 'आर' म्हणजे तोच प्रयोग पुन्हा किती वेळा केला ते. तीन-चार वेळा का करायचा? कारण एकाच शेतात एका कोपऱ्यात माती खोल असते, दुसऱ्यात उथळ. एकाच जागी पेरून पाहिलं तर वाण चांगला की जागा चांगली, हे कळत नाही. आपण मात्र शेजाऱ्याच्या एका वावरात एका वर्षी आलेलं पीक पाहतो अन् पुढच्या साली तेच बियाणं आणतो. इथं आपली फसगत होते.

काहीच न केलेला वाफा मुद्दाम शोधून पाहा. औषध मारलेलं पीक चांगलं दिसणारच. न मारलेलं किती वाईट दिसतं, यावरून त्या खर्चाची किंमत ठरते. कधी कधी दोन्हींत फारसा फरक नसतो. तेही डोळ्यांनी पाहावं अन् फवारणीचे पैसे वाचवावेत.

आता एक नेहमीची तक्रार. "विद्यापीठाच्या शेतात येतं, आमच्या शेतात येत नाही." तक्रार खोटी नाही. प्रयोगाचं शेत भारी काळ्या मातीत असेल, पेरणी वेळेवर झाली असेल, गरजेला एखादं पाणी दिलं असेल, तर बरड मुरमाड रानात तेवढं उत्पन्न येणार कसं? म्हणून तिथं गेल्यावर उत्पन्नाचा आकडा विचारायच्या आधी पाच प्रश्न विचारा. पेरणी कोणत्या तारखेला केली? माती किती खोल आहे? पाणी किती दिलं? खत किती टाकलं? अन् हा वाण सरळ आहे की संकरित?

शेवटचा प्रश्न खिशाशी निगडित आहे. संकरित वाणाचं बियाणं दरसाल विकत घ्यावं लागतं. सोयाबीन, हरभरा अशा पिकांच्या सरळ वाणांचं बियाणं एकदा चांगलं आणलं की दोन-तीन वर्षं घरचं वापरता येतं. तुरीत मात्र मधमाश्यांमुळं परागाची सरमिसळ होते, तेव्हा तिथं जरा काळजी घ्यावी लागते. सोयाबीनचं टरफल नाजूक असतं. पोत्यांची उंच थप्पी नको, आदळआपट नको. पेरणीआधी १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा. ७० किंवा त्याहून जास्त उगवले, तर बियाणं पेरणीजोगं. एवढं केलं तर मे महिन्यातली निम्मी रांग आपोआप कमी होईल.

किडे, गाई अन् पाणी

कृषी महाविद्यालयात कीटकशास्त्र शिकवायचं म्हणजे टाचणीला टोचलेल्या किड्यांच्या पेट्या आल्याच. प्रत्येक विद्यार्थ्याला असा संग्रह करावा लागतो. या पेट्या पाहायला मिळाल्या तर सोडू नका. २०१७ साली गुलाबी बोंडअळीनं मराठवाड्यातला कापूस खाल्ला. त्या अळीला शेतकरी ओळखतो, बोंड फोडलं की ती दिसते. पण तिचा पतंग किती जणांनी पाहिला आहे? करड्या-तपकिरी रंगाचा, बोटाच्या पेरापेक्षाही लहान असा तो पतंग रात्री उडतो. तो ओळखता आला तर कामगंध सापळ्यात काय अडकलं ते कळेल. सापळ्यात सलग तीन रात्री रोज आठ पतंग सापडले, तर उपाय करायची वेळ झाली असं समजतात. बोंड फोडून अळी दिसेपर्यंत थांबलं, तर उशीर झालेला असतो. वनस्पती रोगशास्त्र विभागाचं 'बायोमिक्स' आपल्याकडच्या हळद-अद्रकवाल्यांना माहीत आहे. कंद कुजू नये म्हणून वापरायच्या उपयोगी बुरशी अन् जिवाणूंचं ते मिश्रण आहे. नुसती पुडी घेऊन येऊ नका, ती बुरशी वाढवतात कशी ते विचारा. म्हणजे कडक उन्हात अन् रासायनिक बुरशीनाशकात मिसळून ती का वापरायची नाही, हे ध्यानात येईल.

जनावरांची आवड असणाऱ्यांनी गो-पैदास प्रकल्प पाहावा. मराठवाड्याच्या मातीतल्या दोन गाई, देवणी अन् लाल कंधारी. एक लातूरकडची, एक नांदेडकडची. देवणीचा होलस्टिनशी संकर करून परभणीत 'होलदेव' गाय तयार केली होती. दूध विदेशी गाईचं अन् उन्हाला टिकण्याची ताकद आपल्या गाईची, असा त्यामागचा हेतू. पशुवैद्यकीय महाविद्यालयही परभणीतच आहे. १९७२ सालचं हे महाविद्यालय २००० साली निघालेल्या नागपूरच्या पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाकडं गेलं.

कोरडवाहू शेती संशोधन केंद्राकडं मात्र प्रत्येकानं जावं. विहीर पुनर्भरणाची तिथली रीत मराठवाड्यात नावाजलेली आहे. शेतातलं वाहून जाणारं पाणी आधी एका खड्ड्यात घ्यायचं, तिथं गाळ बसू द्यायचा, मग दगड, खडी अन् वाळूच्या थरातून गाळून पाइपानं विहिरीत सोडायचं. ऐकायला सोपं आहे. पण खड्डा केवढा, थर कोणता वर अन् कोणता खाली, पाइप कुठं बसवायचा, हे एकदा पाहिलं की गावचा गवंडीही करू शकतो. न पाहता केलं तर गाळ विहिरीत जातो अन् विहीर बाद होते. रुंद वरंबा सरीवर पेरलेलं सोयाबीनही इथंच पाहा. जोराचा पाऊस झाला तर सरीतून पाणी निघून जातं, पावसानं खंड दिला तर वरंब्यातली ओल पिकाला पुरते. आताशा पाऊस पडतो तर ढगफुटीसारखा, नाहीतर महिनाभर दडी मारतो. अशा वेळी ही पद्धत कामाची.

पशुशक्तीच्या योजनेत बैलांची सुधारित अवजारं आहेत. ट्रॅक्टर सगळ्यांना परवडत नाही अन् दोन एकरांच्या तुकड्यात वळतही नाही. ज्याच्या दारात अजून बैलजोडी आहे, त्यानं तिथली पेरणीची अन् कोळपणीची अवजारं आपल्या तिफणीशी, कोळप्याशी ताडून पाहावीत. शेजारीच रेशीम किड्यांचं संगोपन पाहायला मिळालं, तर लहान पोरं तिथून हलत नाहीत. तुतीचा पाला कुरतडणाऱ्या अळ्यांचा पावसाच्या सरीसारखा आवाज येतो. तीन-साडेतीन आठवडे खाऊन अळी कोष करते अन् एका कोषातून हजार मीटरच्या आसपास धागा निघतो. गणिताच्या पुस्तकात अशी उदाहरणं सापडत नाहीत.

घरच्या लक्ष्मीला कोण नेणार?

मेळाव्याच्या मांडवात नजर टाका. धोतर, पायजमा, पँट सगळं दिसेल, लुगडी अन् साड्या मोजक्या. आता शेतात जाऊन पाहा. खुरपणी बायकांची, कापूस वेचणी बायकांची, बियाणं राखेत घोळून मडक्यात जपून ठेवणारी आजी तीही बाईच. ज्या कामात बायकांचा हात जास्त, त्याची माहिती घ्यायला पुरुष जातात अन् घरी आल्यावर निम्मी विसरतात.

विद्यापीठाच्या सामुदायिक विज्ञान महाविद्यालयानं, ज्याला आपण गृहविज्ञान म्हणायचो, बायकांचे शेतातले कष्ट कमी करणारी साधनं तयार केली आहेत. ३ जानेवारीला सावित्रीबाई फुल्यांच्या जयंतीनिमित्त महिला शेतकरी मेळावाही विद्यापीठ घेत आलं आहे. गावातल्या बचत गटानं ठरवलं तर एक जीप भाड्यानं करून दहा-बारा जणी जाऊ शकतात. अन्नतंत्र महाविद्यालयात ज्वारी, सोयाबीन, फळं यांवर प्रक्रिया कशी करतात ते पाहिलं, तर लोणच्या-पापडाच्या पुढचा एखादा धंदा सुचेल.

शाळेच्या सहलीचंही तेच. आपल्या शाळा वेरूळला जातात, औंढ्याला जातात. जरूर जावं. पण शेतकऱ्याच्या पोरांनी आपल्याच जिल्ह्यातलं विद्यापीठ न पाहता दहावी होणं बरं दिसत नाही. गुरुजी, मॅडम, एक दिवस काढा. एखादं पोरगं सूक्ष्मदर्शकातून मुळावरच्या गाठीतले जिवाणू पाहील अन् 'मला हे शिकायचंय' म्हणेल. शेती म्हणजे नुसता चिखल अन् कर्ज, असं ऐकत वाढलेल्या पोरांना याच कामाला प्रयोगशाळा, यंत्रं अन् ड्रोनही असतात, हे दिसू द्या.

दुसरीकडं काय चालतं?

विद्यापीठाचं आवार लोकांना खुलं करण्याची रीत महाराष्ट्रात नवी नाही. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची शिवार फेरी विदर्भात प्रसिद्ध आहे. ऐन हंगामात शेतकऱ्यांना शेतातून फिरवून आणतात अन् शास्त्रज्ञ बांधावर उभे राहून बोलतात. त्याच विद्यापीठाकडं नागपूरचं महाराजबाग प्राणिसंग्रहालय आहे. १८९४ साली सुरू झालेली ही बाग कृषी महाविद्यालयाला लागून आहे अन् नागपूरकरांच्या कित्येक पिढ्यांनी पहिला वाघ तिथंच पाहिला.

आपल्या छत्रपती संभाजीनगरला डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या आवारात इतिहास वस्तुसंग्रहालय आहे. जवळच सोनेरी महालात सरकारी संग्रहालय अन् मागच्या डोंगरात बौद्ध लेणी. मुलाच्या प्रवेशासाठी गेलात तर हे तिन्ही एका दिवसात होतं. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात घोडनदीकाठच्या इनामगावच्या उत्खननात सापडलेल्या वस्तू आहेत. तीन हजार वर्षांपूर्वी तिथं शेती करणारी माणसं राहत होती. ती सातू पेरत, धान्य साठवायला कणग्या करत, पाण्यासाठी पाट काढत. पाऊस कमी होत गेला तसं त्यांचं गाव उजाड झालं, असं तिथल्या अभ्यासकांनी मांडलं. दुष्काळ अन् गाव सोडणं ही आपल्या पिढीची नवी गोष्ट नाही, हे ती मडकी पाहताना समजतं.

जायचं कसं, करायचं काय?

परभणी जंक्शन आहे. मनमाडकडून, नांदेडकडून, परळीकडून रेल्वे येते अन् सगळ्या तालुक्यांहून एस.टी. आहे. स्थानकावरून वसमत रस्त्याला लागलं की कोणीही विद्यापीठ दाखवील. एकटा-दुकटा माणूस असेल तर सरळ कृषी तंत्रज्ञान माहिती केंद्रात जावं. 'शेतीभाती' मासिक अन् दरवर्षीची कृषी दैनंदिनी मागावी अन् कोणतं पीक कोणत्या विभागात आहे ते विचारावं. दहाच्या वर माणसं किंवा शाळेची सहल असेल, तर आठ दिवस आधी विस्तार शिक्षण संचालनालयाला पत्र द्यावं. पत्रात नुसतं 'विद्यापीठ पाहणे' असं लिहू नये. 'आम्हाला तुरीचे वाण अन् विहीर पुनर्भरण पाहायचं आहे' असं लिहिलं, तर त्या विषयाचा माणूस सोबत मिळायला सोपं जातं. सुट्टीचा दिवस टाळावा. वही-पेन न्यावं, पाण्याची बाटली न्यावी. आपल्या शेतातलं रोगट पान किंवा किडलेलं बोंड कागदी पिशवीत घालून न्यावं. प्लास्टिकमध्ये ते घामेजून कुजतं. अन् प्रयोगाच्या वाफ्यातलं एकही कणीस तोडू नये. तुम्हाला ते एक कणीस, त्या शास्त्रज्ञाला तो वर्षभराचा हिशेब.

विद्यापीठालाही एक विनंती. पाट्यांवर चार ओळी सोप्या मराठीत लिहा. वाणाचं नाव, पेरणीची तारीख, कोणत्या जमिनीसाठी अन् बियाणं घरचं ठेवता येतं की नाही. आठवड्यातला एक ठरावीक वार शेतकऱ्यांच्या फेरीसाठी नेमून दिला अन् तो परभणी आकाशवाणीवरून सांगितला, तर लोक येतील. मेळाव्याची गर्दी एका दिवसाची असते. रोज पाच-पंचवीस माणसं बांधावर आली तर त्यांचे प्रश्न शास्त्रज्ञांनाही उपयोगी पडतील.

येत्या १८ मे रोजी पुन्हा खरीप मेळावा येईल, पुन्हा रांगा लागतील. त्या रांगेत उभं राहायच्या आधी, सप्टेंबरात एकदा शेतात जाऊन या. मग खिडकीशी पोचल्यावर "कोणतं चांगलं आहे?" असं विचारावं लागणार नाही. वाणाचं नाव तुम्हीच सांगाल.